आबांच्या पायातला जंतू

आमच्या घरात घाण पाणी म्हणजे रंगीत पाणी. कपडा रंगवणाऱ्या मिलांमधून कधी लाल, कधी मोरपंखी, कधी शाईसारखं पाणी खाडीत येतं, त्याला आम्ही लहानपणापासून घाण म्हणत आलो. त्या खाडीकडे खेळायला गेलं तर मार मिळायचा. घरामागची मोरी मात्र घाण नव्हती, ती नुसती मोरी होती. सगळ्या गल्लीचं सांडपाणी आणि संडासाचं पाणी तिच्यातून जायचं, पण ती फरश्यांनी झाकलेली होती आणि त्याच फरश्यांवर बसून बायका साड्यांना टिकल्या लावायच्या. हे आधीच सांगते, कारण माझ्या प्रोजेक्टची सुरुवात ज्या चुकीने झाली ती चूक इथून आली होती.

मी सुरतेत एमएस्सीला आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. आम्ही गोडादऱ्यात राहतो. आबा तरुणपणी धुळ्याकडून इथे आले आणि तेव्हापासून लूमच्या खात्यात कारीगर आहेत. इथे कारखान्याला खातं म्हणतात. माय घरी साड्यांचं काम करते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही, त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. आबा खात्यात सांगतात, "पोर डॉक्टरनं शिकी राहिनी." मी म्हणते, आबा, डॉक्टरचं नाही, जंतूंचं. त्यावर ते म्हणतात, "मंग जंतू डॉक्टरकडेच ऱ्हातस ना?"

दिवाळीत खाती बंद असतात आणि आमची अर्धी गल्ली गावाला जाते. त्या वर्षी गावाहून परत आल्यावर मायला घरातल्या फरशीवर रक्ताचे डाग दिसले. डाग आबांच्या पायाचे होते. चपलेच्या तळातून एक खिळा वर आला होता आणि तो उजव्या पायाच्या बोटाखाली रुतत होता, पण आबांना तो कळलाच नव्हता. त्यांना साखर आहे आणि तळपायाला फारसं जाणवत नाही, हे दोन्ही आम्हाला तेव्हाच समजलं.

माय आधी डब्याकडे गेली. आमच्या गल्लीत उरलेल्या गोळ्या कुणी टाकत नाही. घराघरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो, त्यात कुणाच्या दातासाठी आणलेल्या, कुणाच्या खोकल्यासाठी आणलेल्या कॅप्सूल साठवलेल्या असतात. कुणाला काही झालं की शेजारणी आपापले डबे उघडतात. आबांनी त्यातल्या काही घेतल्या, सूज उतरली, गोळ्या बंद केल्या. पुन्हा सूज आली, पुन्हा काही घेतल्या. असं थंडीभर चाललं. माझं शिक्षण याच विषयाचं, तरी मी घरात मोठ्याने बोलले नाही. बोलले असते तर ऐकलं असतं की नाही, मला खरंच माहीत नाही.

एक कारीगर बारा-बारा संचे, म्हणजे लूम, सांभाळतो. संचांमधल्या अरुंद बोळातून पाळीभर फिरत राहायचं, धागा तुटला की जोडायचा, कपड्यावर डोळा ठेवायचा. बसून ते काम होत नाही. शेवटी आम्ही आबांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने पाय बघितला आणि म्हणाला, "काका, उंगली तो उंगली, संभाला नहीं तो पंजा भी जा सकता है." तेव्हा आबांनी पायाबद्दल काही विचारलं नाही. "मग मी खात्यात कसा जाऊ?" एवढंच विचारलं.

त्याच दिवसांत कॉलेजातल्या आमच्या मॅडमनी मला प्रोजेक्टचा विषय दिला होता. जिवाणूंना मारणारे विषाणू शोधायचे. त्यांना फाज म्हणतात. मला तोपर्यंत विषाणू म्हणजे फक्त आजार एवढंच वाटायचं. जिवाणूलाही स्वतःचा आजार असतो हे पुस्तकात वाचलं होतं, पण त्याचं नवल मला मॅडम बोलल्या तेव्हा वाटलं. हा विषाणू जिवाणूवर येऊन बसतो, आपला वारशाचा धागा त्याच्या आत सोडतो, मग तो जिवाणू आपली सगळी कामं सोडून विषाणूच्याच प्रती बनवत बसतो, आणि शेवटी फुटतो. फुटला की नव्या प्रती बाहेर पडतात आणि शेजारच्या जिवाणूकडे जातात. ज्या जंतूंवर औषधं चालेनाशी झाली आहेत, त्यांच्यासाठी जगात ठिकठिकाणी लोक या विषाणूंकडे नव्याने बघत आहेत, असं मॅडम म्हणाल्या.

मी हे जेवताना घरी सांगितलं. मायचा हात भाकरीवरच थांबला.

"व्हायरस म्हंजे करोनावाला?"

"तो नाही गं. हा माणसाला काही करत नाही. फक्त जंतूला."

"त्याले कसं कळस, हाऊ माणूस शे आन् हाऊ जंतू शे?"

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, प्रश्न चांगला आहे, कुणी विचारला? मी म्हटलं, मीच. मग घरी येऊन सांगितलं की त्याला कळत काही नाही, त्याचे पाय ज्या जिवाणूच्या अंगावर नेमके बसतात तिथेच तो चिकटतो, बाकीच्यांवरून घसरून जातो. आबा पाय उशीवर ठेवून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे धोटानं ऱ्हास तसं. एक संचाना धोटा दुसरा संचामा नही चालत." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन संचातून धावणारी नळी. मला वर्गात समजलं होतं त्याहून ते जास्त समजलं.

आता ती चूक. फाज घाण पाण्यात भरपूर मिळतात, असं मॅडमनी सांगितलं होतं. मी सुरतेबाहेरच्या सचिन भागात, मिलांच्या मागे गेले आणि खाडीचं सगळ्यात लाल दिसणारं पाणी बाटलीत भरून आणलं. पाणी कोमट होतं. ते फार बारीक गाळणीतून गाळलं, म्हणजे जिवाणू वर अडकतात आणि त्यांच्याहून कितीतरी लहान असलेले विषाणू खाली उतरतात. मग लॅबमधला नेहमीचा जिवाणू घेऊन, अगार नावाच्या पातळ जेलीत त्याच्याबरोबर या पाण्याचे थेंब मिसळून प्लेटवर ओतलं. रात्रभर उबेत ठेवल्यावर जिवाणू वाढून प्लेटभर सायीसारखा सलग थर होतो. त्या थरात जिथे फाज असेल तिथे गोल, स्वच्छ भोक पडतं. माझ्या प्लेटांवर एकही भोक नव्हतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला वाटलं माझा हातच चुकतोय.

मॅडमनी विचारलं, "बेटा, पाणी कुठलं आणलंस?"

मी अभिमानाने सांगितलं, लाल खाडीचं.

"तिथे डास होते?"

मी आठवून बघितलं. संध्याकाळची वेळ, पाण्याच्या काठावर मी बराच वेळ उभी, आणि एकही डास चावला नव्हता.

मॅडम हसल्या. जिथे डाससुद्धा अंडी घालत नाही, तिथे तुझे जिवाणू कशावर जगणार, आणि जिवाणू नसतील तर त्यांच्यावर जगणारे कुठून येणार? मग त्या म्हणाल्या, जिथे माणसं राहतात तिथलं पाणी आण.

मी घरी आले आणि मागच्या दारात उभी राहिले. इतकी वर्षं त्या फरश्यांवर बसून मी अभ्यास केला होता. एक फरशी सरकवली, दोरी बांधलेली बाटली आत सोडली. शेजारची मावशी ओरडली, "काय पडलं गं, मोबाईल?" मी हो म्हटलं, ते सोपं होतं.

मोरीच्या पाण्याने प्लेट चाळणीसारखी झाली. मी ती उजेडात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. काही भोकं मोठी, काही टाचणीएवढी, म्हणजे वेगवेगळे विषाणू, आणि ते सगळे आमच्या पायाखाली होते. त्या दिवशी घरी येऊन मी न थांबता बोलत सुटले. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की माय वेगळंच ऐकत होती.

"म्हंजे आपली मोरीना पानीमा औषध शे?" तिने विचारलं.

"औषध नाही म्हणता येणार."

"पन जंतू मारस ना?"

"मारतं. पण..."

"मंग दोन थेंब आन ना, व बाई. तुना आबाना पायवर टाकूत."

आबा मध्येच म्हणाले, "मना पायनी परीक्षा लेऊ नको, तुनी परीक्षा तू दे." आम्ही हसलो, माय हसली नाही. त्या दिवसांत पट्टी तीच बदलायची आणि पट्टीवरचे हिरवट डाग रोज वाढत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी फरशी सरकवल्याचा आवाज आला. मी धावत गेले. माय प्लास्टिकचा मग हातात घेऊन वाकलेली होती.

"माय!"

"नुसतं देखी राहिंतू," ती म्हणाली. पण मग रिकामा नव्हता.

मी तो तिच्या हातातून घेतला. मी तिला म्हटलं, या मगात आपला एक असला तर वैरी हजारो आहेत. लॅबमध्ये मी वैऱ्यांना गाळून काढते, तरीही जे उरतं ते जखमेवर टाकण्यासारखं नसतं. ती म्हणाली, "मंग शिकीसन काय उपयोग?" हे तिने रागाने विचारलं नाही. खरंच विचारलं. मी त्याच प्रश्नासह कॉलेजला गेले.

खरं सांगायचं तर मोह मलाही झाला होता. फ्रिजमध्ये माझ्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या नळ्या होत्या, आणि एखादी नळी पिशवीत टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. मी मॅडमना सरळ विचारलं, आबांच्या पायावर हे लावता येईल का? त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाल्या, जिवाणू फुटतात तेव्हा त्यांच्या अंगातलं विष नळीतच राहतं, ते रक्तात गेलं तर ताप चढतो, माणूस अत्यवस्थही होऊ शकतो. ते काढून टाकायची साधनं आपल्या लॅबमध्ये नाहीत. आणि दुसरं म्हणजे, तुझी नळी लॅबच्या जिवाणूला मारते. आबांच्या पायातल्या जंतूला मारेल हे तुला कसं माहीत?

"मग ते माहीत करून घेता येईल का?" मी विचारलं.

मॅडम मग म्हणाल्या, हा प्रश्न विचारता येईल. पण उत्तर काहीही आलं तरी ते प्लेटवरच राहील, हे कबूल असेल तर.

मी कबूल केलं. घरी आबांना समजावलं. ते म्हणाले, जंतू माझा आहे ना, मग घेऊन जा, मला तो ठेवायचा नाही. दवाखान्याची आणि कॉलेजची रीतसर परवानगी घेण्यात बरीच धावपळ झाली. शेवटी दवाखान्याच्या लॅबमधून आबांच्या जखमेतला जिवाणू आमच्या लॅबमध्ये आला. रिपोर्टात त्याच्यावर न चालणाऱ्या औषधांची नावं जास्त होती. डब्यातल्या गोळ्यांनीच तसं झालं असं मी म्हणू शकत नाही. हा जंतू मुळातच चिवट, असं मॅडम म्हणाल्या. पण त्यानंतर मायने डबा रिकामा केला आणि त्यात सुया-दोरे ठेवले.

मी तो जिवाणू प्लेटवर वाढवला. सकाळी झाकण थोडं उचललं तर गोडसर वास आला आणि प्लेटला हिरवट रंग चढला होता. आबांच्या पट्टीवरचा रंग. इतके दिवस जे पट्टीखाली होतं ते माझ्यासमोर उघडं पडलं होतं. भीती वाटली आणि, हे लिहायला संकोच वाटतो, ते मला सुंदरही वाटलं.

माझ्या तयार नळ्यांनी त्याला काहीच केलं नाही. सगळे धोटे दुसऱ्या संचांचे निघाले. मग मॅडमनी सुचवल्याप्रमाणे मी मोरीचं गाळलेलं पाणी आबांच्याच जिवाणूबरोबर ठेवलं, म्हणजे त्याला खाणारा एखादा जरी पाण्यात असेल तर त्याची संख्या वाढेल. पहिल्या वेळी काही नाही. पुन्हा नवं पाणी आणलं. दरम्यान आबांना दवाखान्यात दाखल करावं लागलं, कारण संसर्ग बोटाच्या हाडापर्यंत गेला होता. मी सकाळी दवाखान्यात जायचे, तिथून लॅबमध्ये.

एका सकाळी हिरवट थरात भोकं दिसली. फार नव्हती, पण स्वच्छ होती.

मॅडमनी बघितलं, खांद्यावर हात ठेवला. मी फोटो काढला आणि दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरला दाखवला. त्याने फोन हातात घेऊन फोटो मोठा केला.

"ये कहाँ का फाज है?"

"हमारी गली का."

तो हसला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला आणि शेजारच्या बाकावर बसला. त्याने मला सगळं नीट सांगितलं. असे उपचार काही ठिकाणी अगदी शेवटचा उपाय म्हणून झाले आहेत, पण त्यासाठी शुद्ध केलेला, तपासलेला फाज लागतो, वरची परवानगी लागते. माझी प्लेट त्या रस्त्याची पहिली पायरीसुद्धा नीट नव्हती. "अगर मेरे पास कुछ नहीं बचता तो मैं पूछताछ करता," तो म्हणाला. "पर एक इंजेक्शन अभी चलता है. उंगली निकालनी पड़ेगी. पैर बच जाएगा, ऐसा लगता है."

आबा पलंगावरून ऐकत होते. मायने पदर तोंडाशी नेला. आबा डॉक्टरला म्हणाले, "बोट लई जा. पाय ऱ्हाऊ द्या." डॉक्टरला अहिराणी येत नव्हती, तरी त्याला कळलं.

बोट काढलं. इंजेक्शनं चालली. जखम भरायला उन्हाळा संपला. पाय राहिला. आबा पुन्हा खात्यात जातात, मऊ तळाची चप्पल घालतात, थोडे कमी संचे घेतात, आणि माय रोज त्यांचा तळपाय उजेडात उलटा करून बघते, कापडाच्या ताक्यातला दोष शोधावा तसा. माझ्या फाजने त्यांना बरं केलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गल्लीत आता वेगळीच गोष्ट फिरते आणि मला ती सारखी दुरुस्त करावी लागते.

पावसाळ्यात आबा एक दिवस म्हणाले, "मना जंतू माले दखाड."

ते माझ्या कॉलेजात कधी आले नव्हते. इस्त्रीचा शर्ट घातला. फाटकावर वॉचमनने विचारलं तेव्हा माझ्याकडे बोट दाखवलं. लॅबमध्ये मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. मी कडेने टेप लावून बंद केलेली प्लेट आणली. आबांनी ती घेतली आणि काही न सांगता ट्यूबलाइटकडे वर धरली. घरी ते नवा कपडा असाच बघतात.

"भोकं," ते म्हणाले.

"हो."

"हाऊ ताका शेठ पास करी का?"

मॅडमना मी त्याचा अर्थ सांगितला. त्या मोठ्याने हसल्या. आबांनी जन्मभर कपड्याला भोक पडू नये म्हणून डोळे ताणले आहेत, आणि त्यांची मुलगी भोकं पडली की खूश होते. ते प्लेट फिरवत राहिले, मग एका ठिकाणी थांबले. एका मोठ्या भोकाच्या आत एक बारीक ठिपका होता.

"आठे काय शे? भोकमा गाठ दिखी राहिनी."

तो ठिपका मी आधी बघितला होता. मॅडमना दाखवलाही होता, पण घरी बोलले नव्हते. आता आबांना सांगितलं. तो जिवाणूच होता, आबांचाच. सगळे मेल्यावर जो वाचला आणि पुन्हा वाढू लागला. आता हा विषाणू त्याच्या अंगावर चिकटू शकत नाही.

"म्हंजे हाई संपत नही?"

"नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "जिवाणू बदलतो. पण विषाणूही बदलतात. मग पुन्हा पाणी आणायचं, या ठिपक्याला खाणारा शोधायचा."

आबांनी प्लेट मला परत दिली. मी त्यांना बेसिनपाशी नेऊन साबणाने हात धुवायला लावले. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला नाही. खाली आल्यावर विचारलं, "मोरी ते तठेच शे ना?"

पुढच्या रविवारी खात्याला सुट्टी होती. मी हातमोजे घालून मागच्या दारी गेले तर आबा आधीच तिथे उभे होते, नवी चप्पल घालून. मी म्हटलं, तुम्ही लांब राहा, पायाला पाणी लागू देऊ नका. ते दोन पावलं मागे सरकले आणि तिथून त्यांनी काठीने फरशी सरकवली. शेजारच्या मावशीने विचारलं, "आज काय पडलं?"

"काही नही पडनं," आबा म्हणाले. "पोर पानी भरी राहिनी."

मी दोरी सोडली. बाटली भरत असताना ते पाय फाकवून उभे होते, फरशी परत ओढायला काठी तयार ठेवून.